नकाशातला कोनाडा

सुमनताईंच्या देवांनी भाड्याच्या खोल्यांमधून बरीच वर्षं काढली होती. सांगवीत ते फ्रिजवर बसले, चिखलीत शिवणयंत्राच्या फळीवर, आणि घरमालकानं रंगकाम काढलं तेव्हा आठवडाभर चक्क पिठाच्या डब्यावर. देवांनी कधी कुरकुर केली नाही, पण सुमनताईंना ती ऐकू यायची. म्हणून मोशीला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्यायचा विषय निघाला, तेव्हा नवनाथरावांनी नकाशात पार्किंग पाहिलं, बाल्कनी पाहिली, चाकणची कंपनीची बस कुठं थांबते ते विचारून घेतलं. ताईंनी एकच पाहिलं. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीत एक छोटासा कोनाडा काढलेला होता आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पूजा’.

“हेच घर,” त्या म्हणाल्या.

“अगं, अजून दोन साइट बघायच्यात.”

“तुम्ही बघून या. मी देवांना सांगून बसले.”

पुढं काय, गेवराईला ताईंचा भाऊ सुतारकाम करतो, त्याच्याकडं कोनाड्याचं माप गेलं. त्यानं सागवानी देव्हारा घडवला. वर कळस, खाली समईपुरता ओटा, दोन्ही बाजूंना मोर. ताईंनी त्याला दहादा बजावलं होतं, माप इकडंतिकडं होऊ देऊ नको. चावी मिळायच्या दिवशी तो देव्हारा गोधडीत गुंडाळून, छोट्या हत्ती टेम्पोत बसून बिल्डिंगच्या दारात हजर झाला. आणि ताई वर जाऊन पाहतात तर कोनाडाच नाही. सरळसोट, गुळगुळीत, पांढरी भिंत. ताईंनी तिच्यावरून हात फिरवला, जणू कोनाडा आत दडून बसलाय आणि गोंजारलं की बाहेर येईल.

साइट इंजिनिअर कुलदीप चाव्यांचा जुडगा घेऊन मागं उभा होता.

“मॅडम, प्लॅन रिवाइज झाला ना मधे. पण तुमचा एरिया कमी नाही झाला हं. तेवढी जागा ड्राय बाल्कनीत वाढवून दिलीय. वॉशिंग मशीन ऐसपैस बसेल.”

“मग देवांना मशीनशेजारी बसवू? अभिषेक आणि धुणं एकाच नळावर?”

कुलदीपनं हेल्मेट काढून डोकं खाजवलं. माणूस भला होता, खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. “काय आहे, तो कोनाडा पलीकडच्या फ्लॅटमध्ये खांद्यासारखा पुढं येत होता. तो फ्लॅट जागामालकांचा, सोपानरावांचा. त्यांना हॉल सलग पाहिजे होता. त्यांनी सांगितलं, आमच्या साहेबांनी भिंत सरळ केली. त्यांना नाही कोण म्हणणार?”

“मी म्हणते,” ताईंनी पदर खोचला.

“सुमन, दमानं घे,” नवनाथराव म्हणाले. ते नाइट शिफ्ट करून थेट आले होते आणि उभ्या उभ्या डुलत होते. “शेजारी राहायचंय जन्मभर. देव्हारा टीव्हीच्या जागी ठेवू. टीव्ही मी बेडरूममध्ये बघेन.”

“तुमची सोय झाली. देवांची झाली का?”

सोपानरावांचं जुनं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. ताई चालता चालता भांडणाची जुळवाजुळव करत होत्या. मोठा हॉल कशाला पाहिजे या लोकांना? सोफे मांडायला, दुसरं काय. जमिनी बिल्डरला दिल्या, गाड्या आल्या, आता सोफ्याला जागा कमी पडली म्हणून देव हाकलले. हे वाक्य त्यांना फार आवडलं. ते त्यांनी दोनदा घोकलं.

दारात सोपानरावांच्या कारभारीण सोजराबाई लाह्या पाखडत बसल्या होत्या.

“ते न्हाईत घरी. सप्त्याचं काल्याचं कीर्तन हाय ना आज, देवळात गेल्यात. काय काम व्हतं?”

“त्यांनाच सांगते.”

“मग चला माझ्यासंगट. या लाह्या तिकडंच न्यायच्यात. धरा एक पाटी.”

भांडायला निघालेल्या बाईच्या डोक्यावर काल्याच्या लाह्यांची पाटी आली. आता करता काय.

देवळाच्या मंडपात कीर्तन रंगात आलं होतं. ताई बायकांच्या बाजूला, सोजराबाईंच्या शेजारी बसल्या. टाळकऱ्यांच्या रांगेत कोपऱ्याला फेटेवाला उंच म्हातारा दिसला. सोजराबाईंनी हनुवटीनं दाखवलं, तेच. ताईंनी त्याच्यावर नजर रोखली. कीर्तन संपलं की चारचौघांत विचारायचं. पण बुवा होते गोड गळ्याचे. यमुनेच्या काठी गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाचं नुसतंच ताक, आणि देवानं सगळं एकात कालवलं. आता कुणाचा घास कुणाचा ते ओळखून दाखवा, बुवा म्हणाले, आणि मृदंगावर अशी थाप पडली की ताईंचा हात आपसूक टाळीला गेला. ते सोफ्याचं वाक्य आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. अर्धंच आठवलं. पुढं विठ्ठलाचा गजर सुरू झाला आणि तेवढंही गेलं.

दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. मग नेहमीसारखं सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. तिथं लहानमोठा बघायचा नसतो, बाप्या का बाई बघायची नसते. समोर येईल ती माउली. ताई गर्दीतून वाट काढत सोपानरावांपाशी पोचल्या, तोंड उघडलं, आणि त्या काही बोलायच्या आत तो उंच म्हातारा वाकला आणि त्यांच्या पावलांना हात लावून मोकळा झाला.

“रामकृष्णहरी, माउली.”

मग ताईंनाही वाकावं लागलं. उठल्या तेव्हा कपाळाला बुक्का होता आणि राग कुठं गेला, ते त्यांचं त्यांना सापडेना. पाया पडलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पण देव तर घराबाहेर होते.

“माउली,” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या देवांची जागा तुमच्या हॉलात गेलीय.”

सोपानरावांना कळेना. ताईंनी कोनाड्याचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

“आमाला म्हनले, तिथं नुसती पायपांची पोकळी हाय, मधी येतीया. देवाची जागा हाय, आसं न्हाई कुनी बोललं.”

“पण हॉल एवढा मोठा कशाला पाहिजे होता तुम्हाला?”

“कीर्तनाला,” सोपानराव म्हणाले. “जुनं घर पाडायचंय आता. दर एकादशीला कीर्तन आसतं आमच्यात. टाळकऱ्यांची रांग सलग उभी ऱ्हायली पायजे, म्हनून भिंत सरळ करून घेतली.”

सोफा असता तर त्यांनी तो खिडकीतून खाली टाकायला सांगितला असता. पण कीर्तन कुठं टाकायला सांगणार?

“चला,” सोपानराव म्हणाले, “बघूच जाग्यावर.” त्यांनी टाळकरीही बरोबर घेतले, टाळांसकट. सोजराबाई रिकामी पाटी घेऊन मागोमाग.

सोपानरावांच्या नव्या हॉलात कुलदीपनं खडूनं जमिनीवर कोनाड्याचा चौकोन आखला. टाळकरी भिंतीकडेनं ओळीनं उभे राहिले. चौकोनाच्या अलीकडं मावले, पलीकडं मावले, पण एक माणूस काही केल्या मावेना. त्या चौकोनात टाळ घेऊन उभे होते खुद्द सोपानराव.

सोपानराव खाली खडूच्या रेघेकडं पाहत राहिले. वडिलांच्या पाठीमागं टाळ घेऊन ते पहिल्यांदा या रांगेत उभे राहिले, त्याला साठ वर्षं तरी झाली असतील. ताईंना वाटलं, राहू दे, टीव्हीची जागा काय वाईट आहे. त्या बोलणारच होत्या, तेवढ्यात दारातून सोजराबाई म्हणाल्या, “आता बसा की खाली. ते बुवा तुमच्याकडं बगून बगून थकले. तुमचा टाळ कवाधरनं मृदंगाच्या पुढं पळतोय.”

टाळकरी खाली माना घालून हसले. म्हाताराही हसला, जरा वेळानं. मग त्यानं गळ्यातला टाळ काढून शेजारच्याच्या हातात दिला आणि चौकोनातून बाहेर आला.

“कुलदीप, फोड ही भिंत. कोनाडा काड माउलींचा.”

“काका, रिवाइज केलेलं परत रिवाइज करावं लागेल.”

“कर की. मागं केलं तवा हात दुखले व्हते का?”

एकादशीला सोपानरावांच्या नव्या हॉलात पहिलं कीर्तन ठेवलं. नवनाथराव आधीच तिकडं जाऊन सतरंज्या अंथरत होते. ताई निघण्याआधी दिवा लावायला कोनाड्यापाशी आल्या. देव्हारा त्यात असा बसला होता, की भिंतीनंच त्याला जन्म दिला असावा. भिंत तशी पातळच होती. पलीकडं मृदंग घुमला, तशी पंचपात्रातली पळी काठावर किणकिण वाजायला लागली. थाप पडली की किण, थाप पडली की किण, अगदी तालात. ताईंनी ती काढून ठेवायला हात पुढं केला, मग तशीच राहू दिली आणि दार ओढून घेऊन शेजारी गेल्या.

सोपानराव श्रोत्यांत पुढंच बसले होते, टाळ्या वाजवत, सगळ्यांच्या जरा आधी.