बिनमिठाचा आठवडा

साहेब सुट्टीवरून आले ते गळ्यात शिंपल्यांची माळ घालूनच. नाक उन्हाने सोललेलं, आणि चेहऱ्यावर असं तेज, की आम्ही सगळे रोगी आणि हे एकटे डॉक्टर. कुठल्याशा बेटावर राहून आले होते. तिथली माणसं म्हणे शंभरी गाठतात आणि म्हातारपणीसुद्धा सरसर झाडावर चढतात. का? तर ती मीठ खात नाहीत, साखर खात नाहीत, तेल नाही, धान्य नाही, चहा-कॉफीचं तर नावच नको. नारळ, रताळं, उकडलेला मासा, पपई, केळी, झालं जेवण. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि ताटात मिठाचा कण नाही, ह्याला काय म्हणावं ते त्या बेटालाच ठाऊक.

त्याच सकाळी मी त्यांचं नाव बेटेश्वर ठेवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते पॅकिंगपर्यंत पोचलंसुद्धा.

आमचा कारखाना सुपाची पाकिटं बनवतो. पूड गरम पाण्यात घाला, ढवळा, प्या. मी चव विभागात आहे, म्हणजे त्या पुडीत काय किती पडायचं ते ठरवणारी. बेटेश्वर आमचे प्रमुख. विक्रीतून वर आलेले, त्यामुळे बोलणं असं, की थंड सूपही गरम वाटावं.

आता माझ्या रागाचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच आकांडतांडव करते आहे. भाजलेल्या लसणाचं टोमॅटो सूप माझं होतं. सात महिने मी त्याच्यामागे होते. लसूण जरा जास्त भाजला की कडू लागायचा, कमी भाजला की घशात टोचायचा. केसांना, उशीला, पर्सला, सगळ्याला लसणाचा वास. नवरा म्हणायचा, "तू आलीस हे बेल वाजायच्या आधीच कळतं." शेवटी एका दुपारी ते जमलं. पहिला घोट घेतला आणि मी खुर्चीत बसून चक्क रडले.

आणि महिन्याभराने मोठ्या साहेबांसमोर पडद्यावर काय झळकलं? 'संकल्पना आणि चव', आणि खाली बेटेश्वरांचं नाव. मी समोरच बसले होते. तोंड उघडायच्या आत ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्यांनीही खूप मदत केली." मदत! म्हणजे मी काय कप विसळले? अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मूर्खासारख्या मीही वाजवल्या.

एका मोठ्या दुकानसाखळीचे लोक ते सूप चाखायला शुक्रवारी येणार होते. त्यांनी पसंत केलं की त्यांच्यासाठी नवा विभाग उघडणार, आणि ज्याच्या नावावर सूप तोच त्याचा प्रमुख. सूप माझं, विभाग माझ्या सुपाचा, आणि खुर्चीत मात्र हे.

तर सोमवारी ह्या गृहस्थाने आम्हा पाच चाखणाऱ्यांना बोलावलं, सहावे ते स्वतः, आणि फर्मान काढलं, की ह्या आठवड्यात सगळ्यांनी बेटाचा आहार पाळायचा. पाहुणे आरोग्यवाले आहेत, आपली टीम कशी तुकतुकीत दिसली पाहिजे. मी म्हटलं, "साहेब, चव बघायच्या आठवड्यात चाखणाऱ्यांचं जेवण बदलत नाहीत. आपला दंडकच आहे तो."

"ताई, दंडक मला शिकवू नका," ते हसत म्हणाले. "आणि खरं सांगू? ह्या आहाराची सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच आहे." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं.

मी पण हसले. हसता हसता मनाशी ठरवलं, की ह्या माणसाच्या नाकावर टिच्चून मी हा आहार पाळीन. तुझी तंगडी बुधवारी घसरेल, माझी घसरणार नाही. तुझ्याच बेटावरून तुला हुसकावते की नाही बघ.

मंगळवारी डोकं असं ठणकायला लागलं, की कॉफी ही किती मोठी गोष्ट आहे ते कळलं. त्यात पूड मिसळायचं मशीन अडकलं, पाकिटावरचा टोमॅटो छापखान्याने गुलाबी छापून पाठवला, पाहुण्यांनी दोनदा वेळ बदलली. पोटात कावळे कोकलत होते आणि मी गार रताळं चावत फोनवर छापखान्याशी भांडत होते. पॅकिंगच्या मावशींनी हळूच बिस्कीट पुढे केलं. मी ते परत केलं, तेही बेटेश्वर बघत असताना. त्यांनी अंगठा उंचावला. तो अंगठा मुरगळावा असं वाटलं.

घरी सासूबाईंनी उकडलेला मासा पुढ्यात ठेवला आणि मिठाची बरणी शेजारी सरकवली. "चिमूटभर तरी घाल गं. तोंडात घास फिरतोय तुझ्या."

"नको आई."

"कुणावरचा राग आहे हा?" सासूबाईंनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, कुणाला कुठे घट्ट होतंय ते त्या नुसतं बघून ओळखतात. मी माशाचे काटे काढत राहिले. त्यांनी बरणी उचलली आणि म्हणाल्या, "ज्याच्यावर आहे त्याला काही होणार असेल तर ठीक. नाहीतर पोट तुझंच जळतंय."

बेटेश्वर बुधवारी घसरले नाहीत, हे मी मान्य केलं पाहिजे. माणूस थापाड्या असला तरी आहार इमानेइतबारे पाळत होता. टेबलावर सोललेला नारळ, शेजारी पपई, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उपदेश. माझा बेत फसला म्हणून मी दातओठ खात होते.

पण त्याच दुपारी माझ्या हाती दुसरं काहीतरी लागलं. चाखायच्या खोलीत मी एकटीच होते. आमच्या त्या खोलीत लाल दिवा असतो, म्हणजे रंग बघून कुणाचं मत बनू नये. आडोसे केलेल्या छोट्या जागा, प्रत्येकीत नळ, कोमट पाणी, चिनी मातीचे कप. शुक्रवारसाठीच्या सुपाचा घोट घेतला आणि थू करून टाकला. खारट! नुसता समुद्र! मशीनने घोळ केला असं वाटून मी जुन्या, माझ्या हाताने मिसळलेल्या पुडीचं सूप केलं. तेही तितकंच खारट. ते तर मला पाठ असलेलं सूप होतं. त्यात काही बदललं नव्हतं.

बदलली होती माझी जीभ. तीन दिवस मिठाचा कण नाही म्हटल्यावर तिला चिमूटभर मीठही मूठभर वाटत होतं. आणि जे माझं झालं तेच बाकी पाचजणांचं झालेलं असणार. बेटेश्वर धरून.

मी लाल उजेडात बसून राहिले. उठायचं, त्यांच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. दोन दिवस सगळे नीट जेवले असते तरी शुक्रवारपर्यंत निभावलं असतं. मी उठले, कप विसळले आणि कुणालाही काही न सांगता घरी गेले. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली, की नवऱ्याने कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवारी सहाजण आपापल्या आडोशात बसलो. पहिला घोट घेताच सगळीकडून नाकं मुरडल्याचे आवाज. "फार खारट आहे," बेटेश्वर म्हणाले. "लोकांना आता इतकं मीठ नको असतं. मी बेटावर हेच शिकलो. निम्मं करा!" मग निम्म्या मिठाचं केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वा, आता कसं! मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, माझ्याही जिभेला ते छान लागलं. पण माझ्या डोक्याला माहीत होतं, की बाहेरच्या माणसाला ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं लागणार.

बाहेर पडताना चष्म्याने मला गाठलं. चष्मा म्हणजे आमच्या विभागातला धाकटा सहकारी. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला तमालपत्र आणि कढीपत्ता ओळखता येत नव्हता. मी त्याला चव बघायला शिकवलं. जाड भिंगाआडून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, एक विचारू? आपण आठवडाभर मीठ खाल्लं नाहीये. म्हणून तर आपल्याला ते खारट लागलं नसेल ना?"

पोरगं हुशार. माझंच शिकलेलं.

"छे रे," मी म्हटलं. "काहीतरीच. बरोबर झालंय आता."

"नक्की?"

"नक्की. मी आहे ना."

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि गेला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, तीही अशा आठवड्यात.

शुक्रवारी पाहुणे आले. दोन कोटवाले आणि एक पिकल्या केसांच्या बाई. कोटवाले बोलत होते आणि बाई गप्प होत्या, त्यावरून मी ओळखलं की जीभ ह्यांची आहे. बेटेश्वरांनी माळ घातली होती. बेट, समुद्र, शंभर वर्षांचे म्हातारे, सगळं ऐकवून झालं. मग म्हणाले, "आणि आता माझं सूप."

माझं सूप! चष्म्याने कप वाटले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि बाई कधी एकदा घोट घेतात असं मला झालं होतं.

बाईंनी घोट घेतला. तोंडात फिरवला. कपात डोकावून पाहिलं. परत घेतला. "मीठ घालायचं राहिलं का ह्यात?"

एका कोटवाल्याने कप दूर सरकवला. बेटेश्वर हसले, मग हसू थांबलं, मग स्वतः घोट घेतला. त्यांना अर्थातच ते उत्तम लागलं. "नाही... म्हणजे... छान तर आहे..." बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला बेटेश्वरांचा. सोललेलं नाक लाल झालं. मी तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

आणि मग ते माझ्याकडे वळले. "मिश्रण मुळात ह्यांचं आहे," ते म्हणाले. "सगळं ह्यांनीच केलंय. मी फक्त देखरेख केली."

सात महिने, आणि वर एक महिना, मी हे वाक्य ऐकायला तरसले होते. आणि ते मिळालं कधी, तर असं.

"हो," मी म्हटलं. "माझंच आहे. मूळ सुपात मीठ बरोबर होतं. पण साहेबांनी आठवडाभर सगळ्या चाखणाऱ्यांना बिनमिठाचं जेवायला लावलं. मग आम्हाला खारट लागलं आणि त्यांनी ते निम्मं केलं."

"चाखणाऱ्यांना बिनमिठाचं?" बाईंनी बेटेश्वरांकडे असं बघितलं, की कुणी दर्ग्यात चपला घालून शिरावं तसे ते दिसले. मोठे साहेब खुर्चीत मागे टेकले. मी मूळ पुडीचं सूप करून आणलं. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि अख्खा कप संपवला. "हे सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मला आयुष्यात कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. मी जिंकले होते. बेटेश्वर संपले होते आणि माझं नाव माझ्या सुपावर परत आलं होतं.

"जीभ बदलली आहे हे तुमच्या कधी लक्षात आलं?" बाईंनी विचारलं.

'आत्ताच' एवढं म्हटलं असतं तर सगळं माझं होतं. पण बेटेश्वर समोर उभे होते, आणि त्यांना अजून वाटत होतं की आपलं नशीब फुटलं. नशीब! सूड उगवलाय हे समोरच्याला कळलंच नाही, तर तो सूड कसला?

"बुधवारी," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

त्यांना कळलं. एका क्षणात सगळं कळलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण कळलं ते बाईंनाही. त्यांनी रिकामा कप टेबलावर ठेवला.

"ह्यांना माहीत नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं. तरी आमच्यासमोर हे येऊ दिलंत." मग कोटवाल्यांना म्हणाल्या, "चला." त्यांनी पर्स उचलली.

नवा विभाग उघडला नाही. बेटेश्वरांना परत विक्रीत धाडलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांच्याबद्दल मला आजही तीळभर वाईट वाटत नाही. सूप दुसऱ्या कुणी घेतलं नाही. माझी नोकरी राहिली, कारण लसूण भाजणारं दुसरं कुणी नव्हतं.

पाहुण्यांची गाडी गेली तेव्हा चष्मा जिन्यात उभा होता. "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं," एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला असता तर मी भांडले असते. पण त्याने चढवला नाही.

अजूनही तो माझ्याच विभागात आहे. नमस्कार करतो, डबा उघडला की "घेणार का?" म्हणून विचारतो, वाढदिवसाला फूल आणतो. फक्त आता एखादं मिश्रण चाखून मी "बरोबर आहे" म्हटलं, की तो मान हलवतो, कप उचलतो आणि स्वतः पुन्हा एकदा चाखून बघतो.