भावजींची दुपारची फेरी

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा घरात नवरा होता, सासूबाई होत्या आणि कुत्रा होता. नवऱ्याने कुत्र्याची ओळख करून दिली ती "हा माझा धाकटा भाऊ" अशी. "मग यांना भावजीच म्हणायला हवं," ती म्हणाली. त्या दिवसापासून तो तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, एक कान कायम पडलेला कुत्रा अहो-जाहो झाला. भावजी जेवले का? भावजी, आधी पाय पुसा. नवऱ्याला अरे-तुरे आणि दिराला अहो-जाहो, म्हणून आल्यागेल्यांची करमणूक व्हायची. सासूबाई म्हणायच्या, "का नाही म्हणणार? माझ्या या मुलाला त्या मुलापेक्षा वळण बरं आहे."

वळण खरंच होतं. पिल्लू होते तेव्हाच नवऱ्याने त्यांना शिकवलं होतं. बाहेर जायचं असलं की दाराशी जायचं आणि एकदा भुंकायचं. एकदाच. टपालावर शिक्का मारल्यासारखं. दार उघडलं की कुणाच्या तरी सोबत जिना उतरून, रस्त्यापलीकडच्या भिंतीशी काम उरकून, मुकाट वर यायचं. इतक्या वर्षांत घरात कधी थेंब सांडला नव्हता.

आता सांडत होता. पहिल्यांदा चपलांच्या मांडणीखाली, मग जेवणाच्या टेबलाच्या पायाशी आणि मग थेट बाळाच्या, चिमीच्या, चटईवर. चटई एकमेकांत दात अडकवून जोडलेल्या रंगीत फोमच्या चौकोनांची होती. ओल सांध्यासांध्यांतून खाली जायची. सगळे चौकोन सुटे करायचे, न्हाणीघरात धुवायचे, गॅलरीत उभे करून वाळवायचे, परत जोडायचे. ती ते करायची. राग येत नव्हता, किळस येत नव्हती. पिवळा, निळा, लाल, हिरवा. सासूबाई दारात उभ्या राहून तिच्या वाटचा राग करायच्या आणि ती चौकोन जोडत राहायची.

चिमी झाल्यापासून सगळंच असं चाललं होतं. लोक बाळ बघायला यायचे, गोड आहे म्हणायचे. ती "हो" म्हणायची. बघायला लोक बाळाला आलेत आणि उत्तरं आपण द्यायची, एवढंच तिच्या लक्षात यायचं. अंगात जागे राहिले होते ते फक्त डोळे. रसायनशास्त्र शिकून ती औषधांच्या कारखान्यात तपासणीला होती. बाटली दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, आत कण तरंगतोय का बघायचं. आता ती तशीच चिमीकडे बघायची. ओठांचा रंग, नखांचा रंग, छाती वर होते की नाही. झोपलेल्या चिमीला ती कुणाच्या हातात देत नसे. सासूबाईंच्याही नाही. "मी काय हिला खाली टाकणार आहे?" असं सासूबाईंनी विचारून झालं होतं, रुसून झालं होतं. तरी नाही.

या सगळ्या दिवसांत एकच गोष्ट तिला धड जमली होती. चिमीची झोप म्हणजे पाण्यावरची साय. जरा धक्का लागला की फाटली. आणि भावजींचं भुंकणं असं, की खालच्या मजल्यावरचे लोक आपापली दारं उघडून बघायचे. बेल वाजली, भुंकले. जिन्यात पाऊल वाजलं, भुंकले. मग तिने गाऊनच्या खिशात बिस्किटाचे तुकडे ठेवायला सुरुवात केली. भावजींचं तोंड उघडलं की ती बोट वर करायची. आवाज न काढता तोंड मिटलं की तुकडा. हळूहळू भावजी शिकले. बेल वाजायची, भावजी उठायचे, तोंड उघडायचे, मिटायचे आणि तिच्याकडे बघायचे. नवऱ्याने कामावर सगळ्यांना सांगितलं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून आमची जनावराला गप्प करते, मला तर कधीच केलंय." त्या दिवशी तिला हसू आलं होतं. आलं होतं हे तिला नीट आठवत होतं, कारण त्यानंतर आलं नव्हतं.

चटईचा प्रकार दुसऱ्यांदा झाल्यावर नवरा भावजींना डॉक्टरकडे घेऊन निघाला. चिमीला घेऊन तीही गेली. डॉक्टर बाई जाडजूड होत्या, अंबाड्यात पेन खोचलेलं. लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं, शेपटीखाली पाहिलं.

"आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "घरात काही बदल?"

नवऱ्याने हनुवटीने चिमीकडे दाखवलं.

"मग झालं. मारायचं नाही, नाक घासायचं नाही. फिनेल टाकू नका, त्याने वास जात नाही. मी देते त्या द्रावणाने पुसा. वास राहिला की तो पुन्हा तिथेच जाणार. आणि फेऱ्या वाढवा."

"सकाळी मी नेतो, संध्याकाळी मी नेतो," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत अडकलेला असायचा. "दुपारी ही न्यायची."

"आता मागत नाहीत ते दुपारी," ती म्हणाली.

"वय झालं की मंदावतात," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि पुढच्या मांजराला हाक मारली.

घरी आल्यावर सासूबाईंनी आपलं निदान सांगितलं. "मत्सर, दुसरं काय! धाकट्याच्या पाठीवर धाकटं आलं की आधीचं अंथरूण ओलं करतंच. माझ्या बहिणीचा मोठा नव्हता का करत? शाळेत जायला लागला तरी करायचा. आता वकील आहे."

"वकील झाल्यावर थांबला ना?" नवरा म्हणाला.

"चेष्टा करू नकोस. पोरगी रांगायला लागली आहे."

सासूबाईंची भीती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. चटईवर पुन्हा ओल झाली आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी चिमीने तिथे हात टेकला आणि तो हात तोंडात घातला. सासूबाई ओरडल्या. तिने चिमीला उचललं, हात धुतला, तोंड पुसलं, जीभ पाहिली. भावजी टेबलाखाली जाऊन बसले होते, पडलेल्या कानासकट डोकं पंजांवर ठेवून. संध्याकाळी सासूबाईंनी आपल्या नणंदेला फोन लावला. आत्याबाई गावाबाहेर राहायच्या, मोकळं अंगण, भोवती कुंपण, माणूस एकटं. रविवारी येऊन कुत्रा नेते म्हणाल्या.

नवरा त्या रात्री नीट जेवला नाही. ताट उचलता उचलता तिला म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

"ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहे."

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. ती त्याचा ताटावरचा हात धुतलेला आहे की नाही ते बघत होती.

शनिवारची दुपार. नवरा कामावर, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. चिमी तिच्या खांद्यावर झोपली होती, आत्ताच. ती भिंतीला टेकून खुर्चीत बसली होती आणि हलत नव्हती. भावजी उठले. आळस दिला. दाराशी जाऊन उभे राहिले आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. गळ्याशी काहीतरी हललं. तोंड मिटलं. आवाज नाही.

आणि ते तिच्यापाशी येऊन बसले, पाठ ताठ, शहाण्या मुलासारखे.

तिचा मोकळा हात आपोआप खिशात गेला. तिने तुकडा दिला. भावजींनी खाल्ला, परत दाराशी गेले. तोंड उघडलं, मिटलं. या वेळी आले नाहीत. जागच्या जागी एक गिरकी घेतली, नखं फरशीवर वाजली. दाराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग चटईच्या कडेला जाऊन, पाय न उचलता, पिल्लासारखे खाली वाकून त्यांनी तिथे केलं. करताना तिच्याकडेच बघत होते.

दिव्यासमोर बाटली फिरवावी आणि आतला कण सावकाश वर यावा, तसं तिने ते पाहिलं. सगळं दिसलं. दाराशी भुंकायचं हे नवऱ्याने शिकवलेलं. भुंकायचं नाही हे तिने शिकवलेलं. भावजींनी दोन्ही पाळलं होतं.

कळल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. पहिल्यांदा ते दाराशी गेले तेव्हापासून चटईपर्यंत उठायला पुष्कळ वेळ होता. ती उठली नव्हती. चिमी झोपली होती म्हणून. आताही उठली नाही. पिवळ्या चौकोनावरून पाणी निळ्या चौकोनाच्या सांध्यात गेलं. सांगितलं तर भावजी राहतील, भुंकणं परत येईल, आणि ही झोप जाईल, जिच्या आधाराने आपण दिवस ढकलतोय. नाही सांगितलं तर उद्या आत्याबाई येतीलच. कुणी काही विचारणार नाही. न सांगायला काही करावंच लागत नाही.

संध्याकाळी तिने सांगितलं नाही.

रविवारी आत्याबाई आल्या त्या नवा कोरा पट्टा मनगटाला गुंडाळूनच. "काय रे चोरा! चल माझ्याकडे. माझ्याकडे सगळं अंगणच आहे, कुठेही पाय वर कर."

"हळू बोला वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "पोर झोपली आहे."

"झोपू दे की. आमची पोरं ढोल वाजले तरी झोपायची. तुम्ही हिला कापसात ठेवलीय, मग फटफटीसुद्धा तोफ वाटते."

सासूबाईंनी भावजींची वाटी, पांघरूण, केसांचा ब्रश पिशवीत भरला. ब्रश ठेवताना डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "द्रावणाची बाटलीही घ्या, वन्सं. महाग नाही, पण मिळत नाही लवकर." नवरा गॅलरीत पाठमोरा उभा होता. ती चिमीला खांद्यावर घेऊन खुर्चीत.

माणसांची ही लगबग चालू असताना भावजी उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"बघा, निघालासुद्धा!" आत्याबाई म्हणाल्या. "माणसांपेक्षा बरा. नकोसे झालो हे कळलं की पाहुण्यासारखा उठतो."

भावजींनी तोंड उघडलं. गळा हलला. तोंड मिटलं. खोलीत इतकी माणसं होती, पण त्यांनी बघितलं ते तिच्याकडे. तिचा हात कुडत्याच्या खिशाकडे गेला, आत तुकड्याला लागला आणि तिथेच थांबला.

ती उठली. "यांना खाली जायचंय."

"अगं, नेतेच आहे ना मी."

"तसं नाही, आत्या. आत्ता जायचंय." तिने पट्टा आत्याबाईंच्या मनगटावरून सोडवून घेतला. मग झोपलेली चिमी सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंच्या हातातली पिशवी गळून पडली.

"अगं, जागी होईल ती!"

"होईल."

तिने पट्टा लावला आणि जिन्यात भावजी तिच्या पुढे पळाले. रस्त्यापलीकडची भिंत आली आणि त्यांनी पाय वर केला. खूप वेळ चाललं. ती पट्टा धरून उभी होती. वरून चिमीचं रडणं सुरू झालं. आधी कुरकुर, मग तो श्वास ओढणारा आवाज. तिच्या छातीत कळ आली, दूध भरून आलं, कुडता दोन्ही बाजूंनी ओला होत गेला. तिने हात लावला नाही. थांबवता येण्यासारखं ते नव्हतंच.

नवरा गॅलरीतून वाकला. "काय झालं? ती रडतेय!"

"ऐकू येतंय. यांचं होऊ दे."

भावजींचं झालं तरी ते लगेच निघाले नाहीत. भिंत हुंगली, भिंतीचा कोपरा हुंगला, कुणीतरी तिथे आधी लिहून ठेवलेलं सगळं वाचलं. तिने ओढलं नाही. चिमी रडत होती आणि रडणाऱ्या मुलाचा श्वास चालू असतो, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात आला. तो तिने दोनदा केला.

वर आल्यावर तिने पट्टा काढला, चिमीला घेतलं आणि दारातच उभी राहून सांगितलं. "ते विचारत होते. रोज दुपारी. दाराशी जातात, तोंड उघडतात, आणि मी शिकवलंय तसं मिटतात. आपण दार उघडत नाही. मग कुठे करणार?"

 चिमी हुंदके देत तिच्या कुडत्याशी तोंड घासत होती.

"म्हणजे मत्सर नाही?" सासूबाई म्हणाल्या, जरा नाराजीनेच.

"नाही, आई."

"काल कळलं की आत्ता?" नवऱ्याने विचारलं.

"काल."

तो भावजींसमोर उकिडवा बसला, दाराकडे बोट केलं. "बोल रे. बोल." भावजींनी तोंड उघडलं, तिच्या हाताकडे बघितलं आणि मिटलं. "बोल ना, वेड्या." पुन्हा तेच. नवऱ्याचा आवाज बारीक झाला. "अरे, बोल की..."

"इतक्यात नाही बोलणार," ती म्हणाली. "फार चांगले शिकलेत."

"आणि बोलायला लागला, पोर दर दुपारी उठली, म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "तू झोपणार कधी?"

"दुपारी तुम्ही घ्या तिला. झोपलेली असली तरी."

सासूबाईंनी पडलेली पिशवी उचलली आणि त्यातली वाटी परत ओट्याखाली ठेवायला गेल्या. आत्याबाईंनी इकडेतिकडे बघितलं, पट्टा सुनेच्या हातातून घेऊन पुन्हा मनगटाला गुंडाळला. "एवढी येऊन कुत्रा नाही तर नाही, चहा तरी मिळेल का कुणाला?"

"ठेवते हो वन्सं," आतून आवाज आला.

भावजी आपल्या जागी जाऊन आडवे झाले. तिने एका पायाने खुर्ची ढकलत ढकलत वळवली, दारासमोर आणली, आणि चिमीला पाजायला घेऊन तिथे बसली. बरं वाटत होतं का, ते तिला सांगता आलं नसतं. तिथून दार दिसत होतं.