चुकीचा खिसा

जाताना डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, "घरातलं वातावरण स्टिम्युलेटिंग ठेवा. हात वापरलाच नाही, तर तो कायमचा तसाच राहील." अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात नुसता मांडीवर पडून होता, आणि बाबा होते शिंपी. हात गेला म्हणजे सगळंच गेलं.

"तसलं ठेवायचं म्हणजे कसं गं?" आईने लेकीला विचारलं.

लेक इंग्रजी शिकवायची. तिच्या अंगात लगेच शाळेतल्या बाई संचारल्या. "हुरूप आणणारं, काहीतरी करावंसं वाटायला लावणारं. गप्पा स्टिम्युलेटिंग असतात, पुस्तक असतं, एखादं कामसुद्धा."

"आणि माणूस?"

"असतो की."

आई "बरं" म्हणाली. लेकीने गाणी लावली, भिंतीवर चित्रं टांगली, बोटांसाठी रंगीत चेंडू आणला. बाबांनी चेंडूकडे असं पाहिलं की तो बिचारा ओशाळलाच असेल. हात काही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी आई चौकड्यांचा शर्ट घेऊन बाबांसमोर बसली. दुकानातली काजं-बटणं जन्मभर तिनेच केलेली, पण खिसा लावायचा मान बाबांचा. तिने बेधडक खिसा टाचला. शर्टाची रेघ एकीकडे, खिशाची भलतीकडे. वर गुणगुणतही होती.

"अगं, काय चाललंय? रेघा जुळव!"

"जुळल्यात की, अहो."

"डोंबल जुळल्यात! आण इकडे!" बाबांनी डाव्या हाताने शर्ट ओढला आणि टाके उसवायला घेतले. एका हाताने कापड धरणार, की दोरा ओढणार? उजवा हात मांडीवरून उठला. थरथरत, अडखळत बोटं कापडापर्यंत पोचली आणि त्याला दाबून बसली.

दारातल्या लेकीला रडू फुटलं. आपण शब्दाचा अर्थ सांगितला, आईने तो करून दाखवला. धन्य आहे ही बाई, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

बऱ्याच वेळाने बाबांनी खिसा मोकळा केला. "दोन्ही बाजूंनी बरोब्बर अर्धा चौकोन सरकवलास," ते म्हणाले. "इतकं नीट चुकायला काम यावं लागतं."

आई खाली मान घालून सुई शोधू लागली.

"उद्या कॉलर चुकव," बाबा म्हणाले. "तिला दोन्ही हात जास्त लागतात."