अकरा सत्तावन्न

आमच्या विभागात जगातल्या सगळ्या देशांबद्दल शिकवतात, पण वेळेवर यायला मात्र माझ्या खिडकीवरच शिकायला मिळतं, असं विद्यार्थी माझ्यामागे म्हणतात. त्यांनी मला ठेवलेलं ‘घड्याळबाई’ हे नावही मला ठाऊक आहे. मी इथली कारकून. आंतरराष्ट्रीय अभ्यासात एम.ए. आणि पीएच.डी. करणाऱ्या या मुलांसाठी गेली एकतीस वर्षं मी दर सोमवारी नोटीसबोर्डावर एक कागद लावते: ‘या आठवड्यातले कार्यक्रम आणि संधी’. कुठे परिषद, कुठे शिष्यवृत्ती, कुठे एखाद्या मोठ्या संस्थेत सहा महिने काम शिकायची जागा. ज्या शहरांत मी कधी पाऊल ठेवणार नाही, त्यांची नावं मी न अडखळता टाईप करते. प्रत्येक ओळीच्या शेवटी तारीख आणि तारखेपुढे ‘सायंकाळी पाच’. पाच म्हणजे पाच. काटा तिथे आला की मी खिडकी ओढून घेते. आमचे हे म्हणतात, तुला स्वर्गाच्या दारावर बसवलं तर निम्मे पुण्यवान बाहेरच राहतील.

त्या महिन्यात कागदावर एक मोठी संधी होती. दोन देशांतून वाहणाऱ्या एका नदीचा संयुक्त आयोग आहे, त्याच्या कार्यालयात एक वर्ष काम करायचं. आमच्या विभागातून एकच जागा. चार जणांनी वेळेत फॉर्म दिले. पाचवा फॉर्म मुंगीचा होता.

मुंगी हे नाव तिच्या वर्गाने ठेवलेलं. लहानखुरी पोरगी, कायम स्वतःपेक्षा जड पुस्तकं उचलून भिंतीच्या कडेने चालणारी. दोन वर्षं ती त्याच नदीवर प्रबंध लिहीत होती. शिफारसपत्रावर सही हवी म्हणून दुपारपासून ती विभागप्रमुख सरांच्या दाराबाहेर उभी होती, आणि सर होते मीटिंगमध्ये. सही घेऊन ती धावत माझ्या खिडकीशी आली तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, फॉर्म परत घेतला, “बरं” म्हणाली आणि गेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, कारण रडणाऱ्यांची मला सवय आहे.

पुढच्या महिन्यात विभागाचा वार्षिक कार्यक्रम होता, वाटाघाटींचा सराव. तीन दिवस मुलं दोन खोट्या देशांची शिष्टमंडळं होऊन समोरासमोर बसतात आणि करार करतात. यंदा विषय पाण्याचा होता. वरच्या देशाने कोरड्या महिन्यांत खालच्या देशाला किती पाणी सोडायचं? वरच्या देशाचा प्रमुख होता ‘वकील’. उंच पोरगा, साधा चहा प्यायचा की नाही यावरही तो मुद्देसूद बोलतो म्हणून हे नाव. आयोगाच्या जागेसाठी त्याचाही फॉर्म गेलेला होता. खालच्या देशाची प्रमुख मुंगी. चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, नाहीतर तिला कुणी पुढे बसवलं नसतं.

नियम एकच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत दोघांच्या सह्या झाल्या नाहीत तर मसुदा रद्द. वेळ पाहायचं आणि मसुदा टाईप करायचं काम यंदा माझं, म्हणून शिपाईमामांनी माझ्या ऑफिसातलं गोल घड्याळ काढून हॉलच्या भिंतीवर लावलं.

पाहुण्या म्हणून एक निवृत्त बाई आल्या होत्या. त्यांनी खऱ्या वाटाघाटी केलेल्या, त्याही याच आयोगाच्या नदीच्या. अकरा वर्षं त्या दोन देशांच्या मध्ये बसल्या होत्या म्हणे. मला वाटलं होतं, कुणी भारदस्त बाई येईल. आल्या त्या खांद्याला कापडी पिशवी लावून, आणि आल्या आल्या शिपाईमामांना विचारलं की खिडकीतून वारा येईल अशी खुर्ची कुठली. मग तीन दिवस त्या खुर्चीत जवळजवळ न बोलता बसून राहिल्या. त्यांच्या नुसत्या बसण्याने मुलं सरळ बसत होती. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी एकतीस वर्षं हे सराव बाहेरून पाहिले होते. आत बसून पहिल्यांदाच पाहत होते, आणि मी चक्रावून गेले. जे शब्द मान्य नसतील ते मसुद्यात कंसात ठेवायचे आणि मान्य झाले की कंस काढायचे, एवढीच पद्धत. पण ‘सोडेल’ की ‘सोडण्याचा प्रयत्न करेल’, यावर दीड तास गेला. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की या दोन शब्दांच्या मध्ये खालच्या देशातली गावंच्या गावं तहानलेली राहू शकतात, आणि माझे हात कीबोर्डवर जरा जपून पडू लागले. एक कंस सुटला की पोरं ‘कंसवध’ म्हणून टेबल वाजवायची. मीही एकदा वाजवलं. शिपाईमामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाट बोललं.

तिसऱ्या दिवशी अकरा पन्नासला एकच कंस उरला होता. पाणी मोजायचं कुणी? वकील म्हणत होता, आम्ही मोजू आणि आकडे पाठवू. मुंगीला ते मान्य नव्हतं, तिच्याजवळ वेगळी कल्पना होती, पण ती मांडून, भांडून, लिहून काढायला दहा मिनिटं पुरणार नव्हती. मसुद्याचे बारा वाजणार हे सगळ्यांना दिसत होतं. वकिलाने पेन टेबलावर टाकलं.

तेव्हा पाहुण्या बाई उठल्या. “घड्याळ कोण सांभाळतं?”

“मी,” मी म्हणाले.

“ते थांबवावं लागेल.”

मला वाटलं चेष्टा आहे. मी म्हणाले, माझं घड्याळ सेल संपल्याशिवाय थांबत नाही, आणि सेल मी संपू देत नाही. त्या हसल्या आणि माझ्याजवळ येऊन सांगू लागल्या, पण सगळा हॉल ऐकत होता. खऱ्या वाटाघाटींत हे करतात, म्हणाल्या. मुदत वाढवायचा अधिकार कुणालाच नसतो. मग खोलीतले सगळे मिळून घड्याळ थांबवतात, आणि ते थांबलंय तोवर मुदत संपत नाही.

“आमच्या वेळी ते दोन दिवस थांबलं होतं,” त्या म्हणाल्या. “बाहेर दोनदा उजाडलं. आत एकच तारीख होती. त्या दोन दिवसांत जे पाणी ठरलं ते अजून सुटतंय. पण एकाने जरी नाही म्हटलं तर काटा चालू. हे कुणी एकट्याने करायचं नसतं.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी घड्याळाला नियम समजत होते, आणि ही एवढीशी बाई दोन देशांना घेऊन त्याच्या बाहेर जाऊन आली होती.

त्यांनी हात वर करायला सांगितले. पहिला हात वकिलाचा. मग भराभर सगळ्यांचे. मुंगीचा हात टेबलावरच होता. अकरा त्रेपन्न. पाहुण्या बाईंनी विचारलं, खालच्या देशाचं काय?

मुंगी उभी राहिली. ती माझ्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहत होती.

“हे ऑफिसातलंच घड्याळ आहे ना? मागच्या महिन्यात याच्यावर माझा फॉर्म चार मिनिटं उशिरा ठरला. तेव्हा मी काही बोलले नाही, नियम आहे म्हटलं. आज कळलं की ते थांबवता येतं. मग तेव्हा कुणाला विचारलं का नाही, एवढंच मला विचारायचंय.”

विभागप्रमुख सर चुळबुळले, ही ती जागा नव्हे असं काहीतरी पुटपुटले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला लाज वाटली. नियम पाळल्याची लाज मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली, कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

“फॉर्मांचं पाकीट पाचला जात नाही,” मी म्हणाले. “न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला येतो. तोवर ते माझ्या टेबलावर उघडंच असतं. तिचा फॉर्म घेतला असता तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.”

अकरा छपन्न झाले. आता ती नाही म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, असं मला वाटलं. तिच्या जागी मी असते तर काटा बारावर जाईपर्यंत मजा बघत बसले असते.

मुंगीने हात वर केला. “खालच्या देशाला पाणी हवंय,” ती म्हणाली. “आमची हरकत नाही.”

तिने मला माफ केलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. स्वतःचं दुःख तिने बाजूला ठेवलं होतं, आणि ज्यांचं प्रत्यक्षात अस्तित्वही नाही अशा माणसांसाठी हात वर केला होता. एवढीशी पोरगी. मी तिच्याकडे बघतच राहिले, मग शिपाईमामांनी स्टूल आणलं, मी चढले आणि घड्याळातला सेल काढला. अकरा सत्तावन्न.

त्यानंतर जे झालं ते मी ह्यांना चार वेळा सांगितलंय आणि चारही वेळा मला ते नीट सांगता आलेलं नाही. सेल माझ्या मुठीत होता. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा टेबलावर होता, तो हळूहळू जमिनीवर उतरला, मग समोरच्या भिंतीवर चढू लागला, आणि घड्याळात अकरा सत्तावन्नच. कुणी जेवायला उठलं नाही. घाईच निघून गेली होती खोलीतून. मुंगीने आपली कल्पना मांडली: मोजणारे दोन्ही देशांचे, मोजपट्टी एक, वही एक, आणि रोज दोघांची सही. वकिलाने तिला सतरा प्रश्न विचारले. सतराही प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे होती. अठराव्याला तो थांबला आणि म्हणाला, “मान्य.” मी शेवटचा कंस काढला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. खोट्या देशांचं खोटं पाणी, पण मला ते वाहताना ऐकू येत होतं, खरं सांगते.

कागदावर वेळ कुठली घालू, मी पाहुण्या बाईंना विचारलं. तीन वाजायला आले होते. त्या म्हणाल्या, घड्याळात दिसते ती. मी अकरा सत्तावन्न टाईप केलं आणि विभागाचा शिक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीच्या वेळेवर शिक्का मारला होता, आणि त्याहून खरा कागद माझ्या हातून कधी गेला नव्हता.

निघताना मी त्यांना मुंगीच्या फॉर्मबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आयोगात आता माझं काही चालत नाही, तुम्ही लिहा, जसं घडलं तसं लिहा. मी लिहिलं. पाच वाजून चार मिनिटं, उघडं पाकीट, साडेआठचा माणूस, सगळं. चूक माझी, असंही लिहिलं. ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, आता स्वर्गात गर्दी होणार.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. अर्ज अजून उघडलेले नाहीत, पाचवा घेता येईल, पण वेळेत अर्ज केलेल्या चौघांपैकी एकाचीही हरकत नसावी. चौघांच्या सह्यांचा कागद शनिवारच्या पाकिटातून यावा, म्हणजे माझ्या खिडकीवर शुक्रवारी पाचपर्यंत.

तिघांनी हसतखेळत सह्या केल्या, कारण आपला नंबर लागणार नाही हे त्यांना माहीत होतं. चौथा वकील. गुरुवारी तो खिडकीशी आला, कागद दोनदा वाचला.

“मॅडम, ती नसेल तर ही जागा माझी आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि ती असेल तर बहुतेक तिची.”

“बहुतेक,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? नाही म्हटलं तर काय, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, तर नाही, एकाची हरकत पुरे, आणि तुला कुणी नावं ठेवणार नाही, मी तर नाहीच. विचार करतो म्हणून तो गेला. मुंगीला मी यातलं काही कळू दिलं नाही.

शुक्रवारी चार वाजले, साडेचार वाजले. घड्याळ परत माझ्या भिंतीवर आलं होतं आणि नेहमीसारखं टकटकत होतं. सेल काढावा असं मनात आलं, नाही म्हणत नाही. पण एकट्याने करायचं नसतं. पाच वाजले. माझा हात सवयीने खिडकीकडे गेला. मी तो परत आणला आणि मांडीवर ठेवला. शिपाईमामा कुलूप घेऊन आले, उघडी खिडकी पाहून बाकावर बसले.

पाच वीसला वकील आला. तो बराच वेळ खालीच, जिन्याशी उभा होता, हे मला नंतर मामांनी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याची जागा जाणार याचं मलाही वाईट वाटत होतं, आणि ते मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि कागद मागितला.

सही करून त्याने कागद परत सरकवला. सहीखाली तारीख होती आणि तारखेपुढे, सुवाच्य अक्षरात, वेळ: अकरा सत्तावन्न.

मी शिक्का उचलला आणि त्यावर मारला.