होडीमागचे दिवे

एकनाथ राऊत शपथेवर सांगत होते की त्यांनी उजवा इंडिकेटर दिला होता. शर्ली डाबरे तितक्याच ठामपणे सांगत होती की मागचे दोन्ही दिवे लुकलुकत होते. आणि होळी गावातल्या राऊतांच्या वाडीच्या फाटकासमोर, ट्रेलरवर बांधलेली एक पांढरी होडी अर्धा रस्ता अडवून उभी होती.

होडी एकनाथ आणि त्यांचा शाळेपासूनचा मित्र आलोशियस यांनी भागीत घेतली होती. कुठल्याशा तलावावरचा बोटिंग क्लब बंद पडला, तिथली ही शिडाची छोटी फायबरची होडी. ट्रेलर तिच्यासोबतच आला. ती राजोडीला आलोशियसच्या अंगणात येऊन पडली, पण राजोडीच्या लाटा थेट अंगावर येतात. शिकायचं तर किल्ल्याजवळच्या खाडीतच, असं दोघांचं ठरलं. म्हणून आधी ती होळीला आणायची. एकनाथांच्या जुन्या जीपला मागे ट्रॉलीसाठी लावलेला लोखंडी गोळा होताच. केळीचे घड वाहायची ती ट्रॉली कधीच मोडीत गेली होती, तिच्या दिव्यांसाठी जोडलेल्या चार वायरी मात्र अजून बंपरखाली लोंबत होत्या. होडीच्या ट्रेलरला सात पिनांचा गोल प्लग. तो कशालाच बसेना, तेव्हा आलोशियसने प्लग कापून टाकला, वायरीला वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली.

राजोडीहून निघताना सगळे दिवे नीट लागत होते. एकनाथांनी स्वतः खाली उतरून पाहिले होते. आणि आता, घराच्या फाटकाशी उजवीकडे वळताना, मागून येणारी शर्लीची स्कूटर ट्रेलरला घासून बाजूच्या गवतात आडवी झाली होती.

"काका, दोन्ही दिवे लागले म्हणजे गाडी सरळ जाते. सगळे तसंच समजतात. म्हणून मी उजवीकडून पुढे काढली," शर्ली खरचटलेलं कोपर धरून म्हणाली. ती गिरीजला राहायची, बालवाडीत शिकवायची. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तो आज चढला होता.

"दोन्ही दिवे मी लावलेच नाहीत, बाय. इतकी वर्षं गाडी चालवतोय."

"मग मी खोटं बोलते का?"

एकनाथांची बायको रुक्मिणी पाणी आणि हळद घेऊन आली. शर्लीने पाणी घेतलं, हळद नको म्हणाली आणि स्कूटर उभी करून निघून गेली.

त्या संध्याकाळी एकनाथ जेवले नाहीत. "होडी विकून टाकू," एवढंच म्हणाले. "ती मुलगी चाकाखाली आली असती तर?"

त्यांची मुलगी मेघना विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. तिथे एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर कोण चुकलं हे ती विचारत बसत नसे, नमुना परत लावायची. वडिलांना तिने तेच सांगितलं.

"पप्पा, तुम्ही उजवा दिलात हे मला मान्य. तिने दोन्ही पाहिले हेही मान्य. आता दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा होतील, ते बघू या."

"कशा होतील?"

"तेच तर माहीत नाही!" असं म्हणताना तिचा चेहरा इतका खुलला होता की एकनाथांना तिचा थोडा रागच आला.

रविवारी सकाळी आलोशियस आला. आयुष्यभर जहाजांवर कुक म्हणून फिरलेला हा माणूस, पण होडी वल्हवायची कधी वेळ आली नव्हती. एकनाथ जीपमध्ये बसले, मेघना ट्रेलरच्या मागे मातीत मांडी घालून बसली.

"उजवा द्या!"

उजवा दिवा लुकलुकला, पण पिवळट, मरगळलेला. त्याच्याबरोबर डावाही लुकलुकला. ब्रेकचे लाल दिवेसुद्धा त्याच तालावर धुगधुगायला लागले.

"पप्पा, इकडे या! लवकर!"

एकनाथ इंडिकेटर चालू ठेवूनच मागे आले आणि बघत राहिले. "म्हणजे ती खरं सांगत होती," ते हळू आवाजात म्हणाले.

"फ्यूज असेल," आलोशियस म्हणाला.

फ्यूज ठीक होते. मेघनाने बल्ब काढून पाहिले, तेही ठीक. टेप सोडून पिळलेल्या वायरी परत पिळल्या. फरक पडला नाही. ऊन नारळांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं. रुक्मिणी अबोलीची टोपली घेऊन आली आणि हे सगळं पाहत जीप आणि ट्रेलर यांच्यामधल्या लोखंडी दांड्यावर टेकली.

"अरे!" मेघना ओरडली. उजवा दिवा लख्ख लागला होता. डावा विझला, लाल दिवेही विझले.

रुक्मिणी दचकून उठली. दिवे पुन्हा सगळे मिळून धुगधुगू लागले.

"आई, बस. परत बस."

"अगं, काय झालं?"

"बस तर!"

रुक्मिणी बसली, उजवा लख्ख. उठली, सगळे मंद. दोन-तीनदा उठबस झाल्यावर तिलाच मजा वाटायला लागली आणि कोणी न सांगताच ती बसून उठून पाहू लागली. मेघना मात्र दिव्यांकडे न बघता आईच्या खाली बघत होती. दांड्याचं टोक जीपच्या गोळ्यावर टोपीसारखं बसलेलं. तिने बोट घातलं. बोट काळं, चिकट होऊन बाहेर आलं.

"इथे ग्रीस कोणी लावलं?"

"मी," आलोशियस म्हणाला. "राजोडीहून निघताना करकर वाजत होतं. दिवे तपासून झाले, मग लावलं. भरपूर लावलं."

मेघना एकेक शब्द जुळवत बोलू लागली. वायरीतून वीज दिव्यापर्यंत जाते, पण तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. जुन्या चार वायरींत परतीची वायरच नव्हती. वीज ट्रेलरच्या लोखंडातून, या गोळ्यावरून जीपमध्ये परत येत होती. ग्रीसमुळे ती वाट बंद झाली. मग उजव्या दिव्याची वीज डाव्या दिव्यातून, ब्रेकच्या दिव्यांतून, जिथून जमेल तिथून परत फिरू लागली आणि जाता जाता त्यांनाही पेटवू लागली. आई बसली की लोखंड लोखंडाला टेकत होतं.

आलोशियसने टोपी काढली. "म्हणजे ती पोरगी माझ्यामुळे पडली."

"आपल्या सगळ्यांमुळे," एकनाथ म्हणाले. "चल, तिला सांगून येऊ."

गिरीजला शर्लीने दार उघडलं. एकनाथांनी पायरीवरूनच सांगितलं, "शर्लीबाय, तू पाहिलंस ते बरोबर होतं. माफी मागायला आलोय." तिने आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजीबाई बसल्या की दिवा लागतो? मला बघायचंय."

"आजीबाई म्हणू नकोस तिला," एकनाथ म्हणाले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

पुढच्या रविवारी शर्ली आली. तोवर मेघनाने नवघरच्या एका ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून सात पिनांचं सॉकेट आणि प्लग आणला होता. बंपरखालच्या जुन्या वायरी काढून टाकल्या. डावा, उजवा, मागचे दिवे, ब्रेक, रिव्हर्सचा पांढरा दिवा, प्रत्येकाला वेगळी पिन. आणि परतीसाठी जाड पांढरी वायर, जीपच्या बॅटरीपासून थेट ट्रेलरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत. एक पिन रिकामी राहिली. ती कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मेघनाने ते नंतर शोधायचं ठरवलं. गोळ्यावरचं ग्रीस तसंच ठेवलं. आता ते कोणाच्या वाटेत येत नव्हतं.

शर्ली मागे उभी राहून वर्गात हजेरी घ्यावी तशी ओरडत होती. "डावा, ठीक! उजवा, ठीक! ब्रेक, दोन्ही! काकू, आता तुम्ही बसा. उठा. काही फरक नाही!"

"मग माझं काम संपलं?" रुक्मिणी म्हणाली.

त्याच दुपारी भरतीच्या वेळी होडी किल्ल्याकडे निघाली. शर्ली मुद्दाम स्कूटरवरून मागे चालली होती. प्रत्येक वळणाच्या आधी उजवा किंवा डावा एकच दिवा स्वच्छ लुकलुकायचा, आणि ती हात वर करून आरशात बघणाऱ्या एकनाथांना खूण करायची.

खाडीच्या उतारावर पोचल्यावर मेघनाने आधी प्लग उपसून दांड्याला बांधला. पाण्यात जाताना दिव्यांत वीज नको. एकनाथ जीप इंच इंच मागे घेत गेले. ट्रेलरची चाकं बुडाली, मग दिवे, आणि मग होडीचं बूड हळूच उचललं गेलं. ती हलली तशी जीपमध्ये शेजारी बसलेल्या रुक्मिणीने एकनाथांचा दंड धरला.

आलोशियस आणि मेघना होडीत चढले. शिडाची दोरी हातात घेऊन बघत असताना किनाऱ्यावरून शर्लीने हाक दिली, "अंकल, पाण्यात वळायचं असलं तर कुठला दिवा देतात?"

"दिवा नाही, भोंगा! एकदा वाजवला तर उजवीकडे," आलोशियस म्हणाला. मग थांबला. "की डावीकडे? मी तेव्हा खाली स्वयंपाकघरात असायचो ना."

"भोंगा आहे का आपल्याकडे?" मेघनाने विचारलं.

नव्हता. आलोशियसने दोन्ही हात तोंडाशी नेले, एकदा मोठ्याने भोंऽऽ केलं, आणि वाऱ्याने होडी भलतीकडेच वळवली.