दुर्वावरून बेतलेल्या तारखा

माझी मुलगी तारीख झाली, त्याच्या आधी चौबळ सरांनी मला सांगितलं होतं की नमुन्याच्या जागी घरातलं माणूस ठेवू नकोस, ते परत मिळत नाही. मी हो म्हटलं आणि सोडून दिलं. चौबळ सर आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. चष्मा पुसतानाही ते धोक्याच्या सूचना देत असत. लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करू नका, शुक्रवारी नवीन काही सुरू करू नका, पुदिना घातलेला चहा पिऊ नका. अशा माणसाचं कोण ऐकतं.

आमची कंपनी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते, तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडच्या साठ्यात, तारीख छापायची एक रीत आहे. यंत्राच्या पोटात तारीख नसतेच. तिथे सेकंदांचा ढीग असतो, मोहरीसारखा. त्या ढिगाला रूप द्यायचं तर लायब्ररीला नमुना दाखवावा लागतो, आणि नमुना म्हणून एकच वेळ चालते: दोन जानेवारी दोन हजार सहा, सोमवार, दुपारी तीन वाजून चार मिनिटं पाच सेकंद. ती वेळ तुम्हाला हवी तशी लिहून दाखवायची. मग दुसरी कुठलीही तारीख लायब्ररी त्याच बेताने लिहून देते. नेमका तोच सोमवार का, असं विचारलं की आमच्या टीममधली पुरुषमंडळी गालात हसतात. जसं काही तो सोमवार त्यांनीच दूध पाजून मोठा केलाय.

बाळंतपणाची रजा संपली आणि मी घरून काम सुरू केलं. दुर्वा मांडीवर दूध पीत होती आणि मी एका हाताने टाइप करत होते. नमुना लिहायची वेळ आली. तो परका सोमवार काही केल्या आठवेना. जी एक वेळ मला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती, ती मी लिहिली. दुर्वाच्या जन्माची. खरं तर लायब्ररीने काहीतरी कचरा छापायला हवा होता. तिने स्वच्छ, नीटस तारखा छापल्या. मी काम पाठवून दिलं आणि दुर्वाला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीवरची तारीख दुर्वाच्या बेताची होती. वर्षाला तिच्यासारखं फुगीर कपाळ होतं आणि दिवसाला पोट होतं.

मग बेल वाजली. दारात एक गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि मुलगी जरा दाखवता का, म्हणाले, तारीख बेतायची आहे. मी नको म्हणायच्या आत सासूबाईंनी त्यांना आत घेतलं. त्यांनी पिशवीतले सेकंद दुर्वाच्या दुपट्याशेजारी ओतले आणि तिच्याकडे बघत बोटाने सारखे केले. वर्ष तिच्या डोक्याशी, महिना खांद्याशी, दिवस पोटाशी, तास आणि मिनिटं दोन तळव्यांत, सेकंद पायाच्या बोटांशी. ढिगाची तारीख झाली. ती त्यांनी घडी करून खिशात घातली. मुलीला मात्र जागेवरून हलवू नका, असं ते जाताना मला सांगून गेले. मला. तिच्या आईला.

दुपारपर्यंत रांग जिन्यावरून पार्किंगपर्यंत गेली होती. सोसायटीचे सेक्रेटरी खाली टोकन वाटत होते, आणि त्यांना ते काम इतकं आवडलं होतं की त्यासाठी त्यांनी शिट्टी आणली होती. सासूबाई रांगेला चहा देत होत्या. सगळं गाव आपल्या नातीवरून दिवस बेततंय, असं त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या. त्यांचा आवाज लग्नघरातल्यासारखा झाला होता. दुर्वाचं नाव कुणीच घेत नव्हतं. नमुना झोपलाय का, असं विचारायचे.

सगळ्यात आधी माझ्या लक्षात आला तो दात. दुर्वाच्या खालच्या हिरडीत एक पांढरा ठिपका दिसायला लागला होता. तोपर्यंत सासूबाई रोज सकाळी चांदीच्या वाटीची कड तिच्या हिरडीला लावून बघायच्या. दात वर आला की वाटी वाजते. रांग लागल्यापासून वाटी ओट्यावर तशीच पडून होती. मी ती लावली. वाजली नाही. पुढेही रोज लावत राहिले, वाजली नाही. ठिपका होता तिथेच होता. तिची नखं कापावी लागत नव्हती. पहिल्या वाढदिवसासाठी माझ्या आईने शिवलेलं झबलं खुंटीवर होतं, आणि ते तिला अजून तेवढंच मोठं होत होतं.

मकरंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं तर त्याला त्यात सोय दिसली. डायपरचा साइझ बदलावा लागत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं होतं म्हणे. तू ना, उगाच टेन्शन घेतेस, असं म्हणून तो टोकन आणायला खाली गेला. त्याची एक मीटिंग होती, तिची वेळ बेतायची होती.

बालरोगतज्ज्ञ पेठकरही रांगेत होते. त्यांनी दुर्वाचं वजन बघितलं, स्थिर आहे, उत्तम आहे म्हणाले, आणि पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटा तिच्या पायाशी ओतल्या.

हळूहळू घरातलं जे नमुन्यात नव्हतं ते जायला लागलं. वेळ कुठल्या देशाची, हे मी नमुन्यात लिहिलं नव्हतं, म्हणून आधी बाल्कनी गेली. ऊन येत राहिलं, पण ते कुठल्या बाजूचं, हे सांगता येईना. मग पुस्तकांचं कपाट गेलं, जेवायचं टेबल गेलं. हॉल लांब आणि अरुंद झाला, एका ओळीएवढा. लोकांनी दुर्वाची मान, खांदे आणि पोट यांच्यामध्ये छोट्या आडव्या रेघा ठेवल्या होत्या, तारखांत असतात तशा. त्या उचलल्याशिवाय तिला कडेवर घेता येत नसे, आणि त्या उचलल्या की रांगेतून लोक चुकचुकत.

मी चौबळ सरांना फोन केला. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले. पुढे काय करू, असं मी विचारलं. त्यावर संध्याकाळी रांग कमी असते का, हे त्यांनी विचारलं. त्यांना पासपोर्टची तारीख बेतायची होती.

शेवटी मी टिपणीस मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. आपल्या प्रत्येक वाक्याचा आधी ठराव पास झालाय, अशा त्या बोलतात. मी म्हटलं, मला जुना सोमवार परत लावायचा आहे.

"आता नाही लावता येणार. चालू आहे ते मोडायचं नाही, हे आपलं वचन आहे."

"कुणाला दिलेलं?"

"वापरणाऱ्या सगळ्यांना."

"आणि दुर्वाला?"

"ती वापरणाऱ्यांत नाहीये ना. ती नमुना आहे." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "बदलायचंच असेल तर बदल. पण रूप तेच आलं पाहिजे, टिंबाचाही फरक नको. त्याच दिवसाचं, त्याच वेळेचं दुसरं काही असेल तुझ्याकडे, तर दाखव."

माझ्याकडे होतं. रजेवरून परतले तेव्हा ऑफिसने मला एक मग दिला होता. गुलाबी. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, बाळ जन्मतं त्याच क्षणी आईही जन्मते. अठ्ठावीस वर्षं मी काय होते मग, अंडं? मी तो मग दात घासायच्या ब्रशसाठी ठेवला होता. तो आणून मी कॅमेऱ्यासमोर धरला. टिपणीस मॅडमनी वाक्य दोनदा वाचलं.

"तोच दिवस?"

"तोच. तीच वेळ."

"चालेल," त्या म्हणाल्या.

मी रेघा उचलल्या, दुर्वाला आतल्या खोलीत पाळण्यात ठेवलं आणि हॉलमध्ये तिच्या जागी आडवी झाले. सेक्रेटरींनी रेघा माझ्या मानेपाशी, खांद्यांपाशी आणि पोटापाशी लावल्या. रांग पुढे सरकली. पहिल्याच बाईने तक्रार केली की हा नमुना फार लांब आहे, पण तारीख घडी करून घेतलीच. माझ्या पोटावरच्या टाक्यांकडे रांगेतल्या सगळ्या बायका बघतात, आणि आपल्या दिवसात तशी शिवण आली तर उसवते का, हे सासूबाईंना विचारतात.

मला मान वळवता येत नाही. आतल्या खोलीचं दार माझ्या डोक्यामागे आहे. पाळण्याची कडी करकरते, ती पूर्वी करकरत नव्हती. मधूनच काहीतरी खाली पडतं. दुर्वाला दात आला का, असं मी मकरंदला विचारलं. आला असेल, तो म्हणाला. असेल! हातात टोकन, पायात बूट, आणि आला असेल. सासूबाईंना चहातून सवड नाही. बाकीचे माझ्यावरून तारीख बेततात, घडी करतात आणि जातात. त्यांतल्या एकालाही आत डोकावावंसं वाटलेलं नाही.

आता तुमचा नंबर आलाय. तुमचे सेकंद माझ्या पायाशी ओता, माझी हरकत नाही. पण आधी हात धुवा. ओट्यावर चांदीची वाटी आहे, ती घ्या आणि माझ्या डोक्यामागच्या दाराने आत जा. खुंटीवर झबलं आहे का नाही, ते बघू नका. वाटीची कड तिच्या खालच्या हिरडीला लावा, अगदी हलकेच.

दार उघडं ठेवा. मला इथून ऐकू येतं.