कचेरी कसेंग्याहून का हलली

निवृत्तीनंतर माणसं क्रूझवर जातात. उमाताईंनी झांबियातल्या एका आडबाजूच्या जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास लिहायला घेतला. कॅनडातल्या रेजिनाच्या विद्यापीठानं निरोपाचा केक कापला, पण बाईंची खोड कुठली जायला! आता एकच प्रकरण अडलं होतं. जिल्ह्याची कचेरी कसेंग्याहून चिवाल्याला का हलली? उमाताईंचं म्हणणं, चिवालेकरांनी मंत्र्याला गळ घालून ती पळवली. कसेंग्याचे लोकही हेच धरून बसलेत आणि चिवालेकरांना अजून पाण्यात पाहतात. तिकडे मुलगी द्यायची म्हटलं की नाकं मुरडतात.

तेव्हाचे तिथले कलेक्टर चिलुफ्या हल्ली रेजिनातच मुलाकडे राहतात. उमाताई त्यांच्याकडे थडकल्या आणि प्रकरण वाचून दाखवलं. म्हातारा हसला.

“चिवालेकरांचा काय संबंध? कसेंग्यात आमची पोर तापानं गेली. बंगल्याच्या खिडकीतून तिची कबर दिसायची. तिची आई, ग्रेस, जेवेना, झोपेना. शेवटी मी वर कळवलं, इथे पुराचा धोका आहे. कचेरी हलली.”

उमाताईंना आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका. असा साक्षीदार कुणाला मिळतो!

“लिहा हे,” चिलुफ्या म्हणाले. “ते लोक फुकट शिव्या खातायत.”

ग्रेसबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. “नाही लिहायचं. एका पोरीपायी अख्ख्या कसेंग्याला वणवण करायला लावली म्हणतील. तिच्या नावानं बोटं मोडतील. माझ्या पोरीनं काय केलंय?”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. उमाताई गाडीत येऊन बसल्या, पण निघवेना. लिहावं तर त्या मेलेल्या लेकराचं नाव खराब, न लिहावं तर चिवालेकर जन्मभर चोर. बाईंना फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते प्रकरण सगळं काढून टाकलं आणि तिथे एवढंच लिहिलं: ‘कचेरी हलवण्यात चिवालेकरांचा काडीचाही हात नव्हता. खरं कारण मला ठाऊक आहे. ते मी सांगणार नाही.’

मजकूर हाती पडताच टोरोंटोहून त्यांची संपादक गौरांगी हिचा तडक फोन आला. “उमाताई, हे काय भलतंच? रिव्ह्यू करणारे फाडून खातील. चिवालेकरांनी तुम्हाला फितवलं म्हणतील. इतक्या वर्षांचं नाव जाईल तुमचं!”

“जाऊ दे की,” उमाताई म्हणाल्या. “माझंच आहे ना ते?”